चौबळांची गॅलरी

कृष्णकांत चौबळांना निवृत्तीनंतर आयुष्याकडून फार काही नको होतं. सुकापूरच्या त्यांच्या फ्लॅटला एक गॅलरी होती, गॅलरीतून माथेरानचा डोंगर दिसत होता (समोरच्या बिल्डिंगवर आणखी मजले चढेपर्यंत तरी दिसणार होता) आणि घरात वेताची एक आरामखुर्ची होती. ती खुर्ची त्या गॅलरीत ठेवायची, हातात चहा घ्यायचा आणि डोंगराकडे बघत बसायचं, एवढाच बेत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी या बेतावर काढली होती. साहेब बोलायला लागले की ते मनातल्या मनात उठून त्या खुर्चीत जाऊन बसत.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची उचलून ते गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. गॅलरीत ताटं होती. जमिनीपासून कठड्यापर्यंत गोण्यांमध्ये ताटं, त्यावर वाट्या, त्यावर पेले. डोंगर असलाच तर त्यापलीकडे कुठेतरी असावा.

ही ताटं त्यांच्या पत्नीची, सुनीताबाईंची. म्हणजे त्यांच्या एकट्यांची नव्हे, ताटवाटी मंडळाची. सोसायटीतल्या एका बारशानंतर गाढी नदीच्या काठी पडलेला थर्माकोलच्या पत्रावळींचा ढीग सुनीताबाईंनी पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी घरोघरी जाऊन माळ्यावरची ताटं मागून आणली. लग्नात आहेर म्हणून आलेली, नंतर कोणीच न वापरलेली ताटं प्रत्येकाच्या माळ्यावर असतातच. ती गोळा करून त्या कोणाच्याही कार्याला फुकट देऊ लागल्या. अट एकच, घासून परत आणायची. मंडळ वाढत गेलं, ताटं वाढत गेली, आणि चौबळ रोज ऑफिसला जात असल्यामुळे आपल्या गॅलरीवर काय बेतलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"अगं, मी बसू कुठे?" त्यांनी विचारलं.

"एवढं मोठं घर आहे."

"डोंगर बघायला कुठे बसू?"

"इतकी वर्षं डोंगर होताच ना? तेव्हा कधी बघितलात?"

या वाक्यापुढे चौबळ गप्प बसले. पण गप्प बसलेला कारकून फार धोकादायक असतो. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर त्यांना एक निरोप आला: शुभारोहण फाउंडेशन या पुण्याच्या संस्थेतर्फे स्वयंसेवी मंडळांना अनुदान, इच्छुकांनी अर्ज करावेत. चौबळांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अनुदान मिळालं की मंडळासाठी एक गाळा भाड्याने घ्यायचा. गाळ्यात ताटं, गॅलरीत आपण! लोक समाजसेवा निरनिराळ्या कारणांसाठी करतात. चौबळांनी ती खुर्चीसाठी केली.

अर्ज लिहिण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं लिहिताना त्यांना पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. महिन्याभरात उत्तर आलं, की फाउंडेशनच्या वल्लरी मॅडम काम पाहायला समक्ष येतील. इथे एखादा साधा माणूस थांबला असता. पण चौबळांनी जन्मभर साहेबलोक पाहिले होते. साहेबाला स्वतःचं नाव कुठेतरी कोरलेलं दिसलं की त्याची सही आपोआप होते, असा त्यांचा अनुभव होता.

सुनीताबाई तेव्हा लेकीकडे, मनस्वीकडे, पुण्याला गेल्या होत्या. चौबळांनी पनवेलच्या बाजारात जाऊन भांड्यांवर नावं घालणाऱ्या विठूला मशीनसकट घरी आणलं.

"सगळ्या ताटांवर टाक," त्यांनी सांगितलं, "'शुभारोहण फाउंडेशन यांच्या सौजन्याने'. मधोमध आणि ठळक."

विठूने ताट उलटंपालटं करून पाहिलं. "त्यांनी दिली का साहेब ही ताटं?"

"नाही. पण ते देणार आहेत."

"ताटं?"

"अनुदान रे! तुला नाही कळायचं."

"मग देऊ देत की आधी," विठू म्हणाला. "मी आपला दोनच तऱ्हेची नावं टाकतो साहेब. लग्नाची नाहीतर मयताची. हे तिसरंच काहीतरी दिसतंय."

"तू टाक," चौबळ म्हणाले. मग गॅलरीत घर्रर्र घर्रर्र सुरू झालं. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा येऊन तक्रार केली, कोणाचा दात काढताय का म्हणून. विठूचं बिल चौबळांनी स्वतःच्या खिशातून भागवलं, सगळी ताटं गोण्यांत भरून तोंडं जशीच्या तशी बांधली, आणि सुनीताबाईंना ऐन वेळी आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं. (धक्का बसला. ते पुढे येईलच.)

मॅडम येणार त्या सकाळी चौबळ नारळ, शाल आणि मिठाई आणायला बाजारात गेले. परत येऊन पाहतात तो गॅलरी रिकामी. लख्ख रिकामी! वारा येत होता. माथेरानचा डोंगर जागच्या जागी होता. चौबळांनी काही विचार केला नाही. त्यांनी खुर्ची ओढली, गॅलरीत टाकली आणि तिच्यात बसले. डोळे मिटले. इतकं सुख त्यांना मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते किंचाळले.

"सुनीता! ताटं कुठायत?"

"हळदीला गेली. कमळाकरशेठच्या दीपेशची हळद नाही का आज? टेम्पो आला होता."

"अगं, आज मॅडम ताटं बघायला येतायत!"

"मग? शेठना मी आधीच शब्द दिला होता. ताटं जेवायला असतात, बघायला नसतात."

"थोडी तरी ठेवायचीस!"

"ठेवली होती. मग त्यांचे पाहुणे वाढले म्हणून फोन आला, तेव्हा आपली स्वयंपाकघरातलीही दिली."

कमळाकरशेठ भोपी हे सुकापूर गावातले जुने जमीनवाले. आता त्यांच्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या, आणि त्यांच्या घरच्या हळदीला अख्खा गाव जेवतो म्हणजे शब्दशः जेवतो.

मॅडम पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये अडकल्या आणि दुपारऐवजी दिवेलागणीला पोहोचल्या. तरतरीत बाई. हसून बसल्या. सुनीताबाईंनी पोहे केले होते, पण ते द्यायचे कशात हा प्रश्न होता. चौबळ धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदी डिशचं पाकीट घेऊन आले. (थर्माकोल आणि कागदाविरुद्ध लढणाऱ्या मंडळाचे हे हितचिंतक!) सुनीताबाईंनी ते पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं, ज्या नजरेने पाहायचं त्या नजरेने पाहिलं, आणि मॅडमना पोहे डब्याच्या झाकणात वाढले.

"ताटं पाहता येतील का?" झाकण गुडघ्यावर सांभाळत मॅडमनी विचारलं.

"ताटं कामावर गेलीत," सुनीताबाई म्हणाल्या. "चला, तिथेच दाखवते."

मांडवात डीजे असा वाजत होता की चौबळांच्या खिशातला चष्मा थरथरत होता. हळदीने पिवळेधमक झालेले कमळाकरशेठ स्वतः पुढे आले.

"आवो चौबलसायेब! या, या. वयनी, तुमच्या ताटांनी आमची हलद झाली बगा! आन् ह्या ताई कोन? पुन्याच्या? जेवल्याबिगर कोनी जावाचा नाय!"

मॅडम पाहतच राहिल्या. पंगतीमागून पंगती उठत होत्या, आणि मांडवात एकही पत्रावळ नव्हती. मागच्या अंगाला घरच्या बायका, भाड्याने आणलेल्या नव्हे, घरच्याच, गाणी म्हणत ताटं घासत होत्या, आणि घासलेली ताटं लगेच पुढच्या पंगतीला जात होती. "मी खूप मंडळं पाहिलीत," मॅडम सुनीताबाईंच्या कानाशी ओरडल्या, कारण तिथे कुजबुजणं शक्य नव्हतं, "पण असं कुठे नाही पाहिलं. तुमचं नक्की होणार!"

चौबळांनी हे ऐकलं. त्यांना डोंगर दिसू लागला.

तिघं पंगतीला बसली. तांदळाची भाकरी, मटणाचा रस्सा, वर कांदा. मॅडम पुण्याच्या असूनही मनापासून जेवत होत्या. भाकरीच्या तुकड्याने त्यांनी रस्सा पुसून घेतला, आणि ताटात 'सौज' दिसलं. आणखी एक घास पुसला. 'सौजन्याने'. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी घाईघाईने राहिलेला सगळा रस्सा पुसला. असं शोधत शोधत जेवताना चौबळांनी कोणाला पाहिलं नव्हतं.

"हे आमचं नाव आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो!" चौबळ खुलून म्हणाले.

"आम्ही ही ताटं कधी दिली?"

"दिली नाहीत. द्याल म्हणून आधीच टाकून ठेवलं."

मॅडमनी शेजारच्या ताटात पाहिलं. त्याच्या पलीकडच्या ताटात पाहिलं. सगळा गाव शुभारोहण फाउंडेशनच्या सौजन्याने मटण खात होता.

"चौबळकाका," त्या हताश होऊन म्हणाल्या, "आमच्याकडे एका मंडळाला एकदाच अनुदान मिळतं. या ताटांचे फोटो मी ऑफिसात दाखवले की ते म्हणणार, यांना आधीच दिलेलं दिसतंय. आणि दिलं नाही म्हणून सांगितलं तर विचारणार, मग परवानगीशिवाय आपलं नाव कसं वापरलं? मी करू तरी काय?" आणि एवढं बोलून त्यांना हसू आवरेना. त्या हसत होत्या म्हणून चौबळांना जास्तच रडू येत होतं.

सुनीताबाईंनीही रस्सा पुसून आपलं ताट दिव्याकडे धरलं होतं. ते त्यांच्या आईने लग्नात दिलेलं ताट होतं, मंडळात सगळ्यांत पहिलं टाकलेलं. काठावर आईचं नाव होतं, बारीक, हाताने ठोकलेलं. मधोमध आता शुभारोहण फाउंडेशन पसरलं होतं. चौबळांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गॅलरी गेल्याचं दुःख त्या क्षणी त्यांना खरंच आठवलं नाही.

"आईने दिलं ते ताट, आणि सौजन्य यांचं," सुनीताबाई एवढंच म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

"काय झाला? मटन तिखाट हाय का?" कमळाकरशेठ येऊन उभे राहिले. सुनीताबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. गाळा, अनुदान, नावं, सगळं. शेठ आधी पोट धरून हसले आणि मग एकदम रागावले.

"जागा पायजे व्हती त मना का नाय सांगितला? माज्या बिल्डिंगीखाली गाला रिकामाच परलाय! उद्याच न्या ताटां. पैशाचा नाव घ्याचा नाय!"

म्हणजे ज्या गाळ्यासाठी चौबळांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' पुण्यापर्यंत मजल मारली होती, तो घरापासून चालत पाच मिनिटांवर होता, आणि मागायला नुसतं तोंड उघडायचं होतं. अर्जाशिवाय काही मिळतं हे त्यांना नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

ताटं गाळ्यात गेली. गॅलरी रिकामी झाली. चौबळांनी फरशी स्वतः पुसली, खुर्ची ठेवली, आणि दोन दिवस खरोखर डोंगर पाहिला.

तिसऱ्या दिवशी जिन्यात घणघणाट झाला. शेठची चार माणसं एक टोप घेऊन आली. हळदीचा भात ज्यात शिजला तो अवाढव्य जर्मनचा टोप, आत एखादं लहान मूल सहज लपेल असा. मागून शेठ.

"चौबलसायेब, तुमी नावां टाकलीव दुसऱ्याची, तुमचा नाव कुठंच नाय! मना बरा नाय वाटला. म्हनून ह्यो टोप मंडलाला दिला, आन् तुमचा नाव टाकून घेतला. तुमच्या नावाचा टोप, त तुमच्याच घरान् ऱ्हाईल. गाल्यान् नाय ठेवाचा!"

मानाचा टोप. नाही कसं म्हणणार? खुर्ची आत आली, टोप गॅलरीत गेला. शेठ गेल्यावर चौबळांनी चष्मा लावून अक्षरं वाचली. विठूचंच काम, ठळक, देखणं: 'कै. कृष्णकांत चौबळ यांच्या स्मरणार्थ'.

ते रिक्षा करून विठूकडे गेले.

"शेठनी फोनवर नुसतं नाव सांगितलं साहेब," विठू म्हणाला. "तुमचं नाव मला कुठे ठाऊक? लग्नाचं असतं तर जोडीने आलं असतं. एकट्या पुरुषाचं नाव, तेही दान दिलेल्या टोपावर. विचारायची गरजच वाटली नाही."

"मग आता पुसून टाक!"

"कोरलेलं पुसलं जात नाही हो, टोपाला भोक पडेल." मग विठूने त्यांची समजूत काढली. "राहू द्या साहेब. उशिरा का होईना, बरोबर ठरेलच."

गेल्या रविवारी शेजारच्या बिल्डिंगमधली किशोरी बारशासाठी टोप न्यायला आली. चौबळांनी तिला तो दारापर्यंत ढकलायला मदत केली. तिने अक्षरं वाचली, चप्पल बाजूला काढली आणि टोपाला नमस्कार केला.

"काका, कोण होते हो हे?"

चौबळ काही बोलणार तेवढ्यात आतून, त्या आईच्या ताटात तांदूळ निवडता निवडता, सुनीताबाई म्हणाल्या, "होते एक. गॅलरीसाठी फार धडपडले."

"मग मिळाली का त्यांना?"

"मिळाली की. बारसं झालं की टोप परत आणून तिथेच ठेव."