भिंतीवरची कणकवली

बापू परब रोज संध्याकाळी भिंतीवरून गावी जातात.

वेडबिड काही नाही. जिन्यात पाय घसरून त्यांचा उजवा खांदा मोडला. गळ्यातली झोळी निघाल्यावर फिजिओथेरपीवाल्या मुलीने व्यायाम दिला: भिंतीशी उभं राहायचं आणि बोटं मुंगीच्या पावलांनी वर चढवायची. बापूंना नुसतं वर जाणं पटेना. "वर म्हणजे खंय?" मग त्यांनी नव्या कोऱ्या भिंतीवर पेन्सिलीने कमरेशी पनवेल लिहिलं, छातीशी महाड आणि हात पुरता ताणल्यावर कणकवली. तिथे पोचले की खांदा बरा.

नायगावची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हापासून सगळ्यांची दारं बंद. बापू तर एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पण ही बातमी लिफ्टमधून मजलोमजली गेली आणि त्यांच्याकडे माणसं जमायला लागली. बापू डोळे मिटून बोटं चालवायचे. "वाशिष्ठीचो पूल इलो, वारो बघ कसो सुटलो," म्हणायचे, आणि खरं सांगतो, त्या बंद खिडक्यांच्या खोलीत मलाही ओल्या भाताचा वास यायचा. कशेडी घाटात खांदा ठणकायचा, तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो. चिपळूण आलं त्या दिवशी चिपळूणच्या शिंदेवहिनींनी घावणे आणले. मग ज्याचं गाव येईल त्याच्या घरून खाणं, असा रिवाजच पडला.

राजापूरला मात्र गाडी अडली ती अडलीच. "हात वर जाणा नाय रे," बापू कण्हायचे. फिजिओवाली मुलगी काळजीत पडली. आम्ही तेलं सुचवली, एकाने तर नवसही बोलून टाकला.

एका संध्याकाळी मी जरा लवकर गेलो. दार उघडंच होतं. बापू त्याच उजव्या हाताने कपाटावरचा कपांचा ट्रे काढत होते, कणकवलीच्याही वरून, अगदी सहज. मला बघून हात तसाच राहिला.

"अहो बापू, तुम्ही बरे झालात की!"

त्यांनी ट्रे खाली ठेवला, कप नीट लावले.

"गाव इलो काय सगळे उतरतत रे," ते हळूच म्हणाले. "मगे माका कोण इचारतला?"

तेवढ्यात शिंदेवहिनी दारात. "काय बापू, आज कुठवर?"

बापू माझ्याकडे बघत राहिले.

"राजापूरच, वहिनी," मी म्हणालो. "रस्त्याचं काम चालू आहे ना."