सखारामभाऊंना कारण लागतं

सखारामभाऊ दुधाची रिकामी किटली हातात घेतल्याशिवाय धावत नसत.

आमच्या कोराडीच्या वीज कॉलनीत पन्नाशीचा माणूस उगाच धावत नाही. धावला म्हणजे प्लांटमध्ये काहीतरी बंद पडलं. पहिल्या दिवशी भाऊ मोकळ्या हातांनी निघाले, तर शिफ्टवरून परतणारे दोन फिटर काही न विचारता त्यांच्या मागे धावायला लागले. गेटपर्यंत माणसं वाढत गेली. गेटवाल्यानं कोणतं युनिट गेलं म्हणून विचारलं, तेव्हा भाऊ धापा टाकत म्हणाले, "युनिट नाई गा, मी व्यायाम करून राहिलो." त्यानंतर काही दिवस त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. मग किटली आली. किटली असली की माणूस दुधाला निघालेला असतो, आणि दूध संपायच्या आत पोचायला धावणं कॉलनीला मंजूर होतं. वहिनींची तक्रार एवढीच, की किटली रोज जाते आणि चहा मात्र कोराच.

मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधला. कमी बोलतो म्हणून लोक मला गुपितं सांगतात, आणि ती माझ्यापाशी कुजत पडतात. त्यातलं एक आज बाहेर काढतो आहे. भाऊंना शब्द दिला होता, तेव्हा लिहिताना मन खातंय. पण न लिहिताही खातच होतं.

"कारण पायजे ना गा," हे भाऊंचं पालुपद. कारणाशिवाय ते कुणाच्या दारात जात नसत. माझ्याकडे चहा प्यायचा असला तरी स्क्रू-ड्रायव्हर मागायला येत, आणि चहा पिऊन स्क्रू-ड्रायव्हर विसरून जात. अशा माणसानं शहरात मॅरेथॉन होणार हे पेपरात वाचून नाव का नोंदवलं, ते कुणाला कळेना. पोट तर असं, की बुटाची लेस वहिनी बांधत.

पण दिवाळीनंतर काहीतरी बदललं. राखेच्या ट्रकांच्या रस्त्यानं ते महादुल्यापर्यंत जायला लागले. परतताना मिशा पांढऱ्या. एका सकाळी किटली कुंपणाला टांगली, ती तिथेच राहिली. मग जुनी खाकी पँट गुडघ्याच्या वर कापली गेली, आणि वहिनींनी बाहेर पडणं सोडलं. बसस्टॉपवर एकानं हटकलं, "काहून भाऊ, कुठं पळून राहिले?" पूर्वीचे भाऊ दूध म्हणाले असते. हे थांबले. "पळते चोर. मी धावून राहिलो." आणि गेले पुढे. सगळे हसले, मीही हसलो, पण जरा उशिरा.

थेट शहरात मानकापूरपर्यंत जाऊन आले त्या संध्याकाळी ते काहीही न मागता माझ्याकडे येऊन बसले. लेस स्वतः बांधलेली. मी विचारलं, एवढं हे काहून? बशीतला चहा त्यांनी बराच वेळ फुंकला.

"रेसचा रस्ता सुमीच्या दारावरून जाते."

सुमी त्यांची एकुलती लेक. लग्न तिनं आपल्या मनानं जमवलं, तेव्हा माझं दार तुला बंद, असं भाऊ बोलून गेले. तीही त्यांचीच लेक. पुन्हा फिरकली नाही. वर्धा रोडवर, मनीषनगरकडे वळायच्या तोंडाशी तिचं घर आहे, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं.

"तिनं बोलावलं नाई, मी जाऊ कसा? आता धावता धावता दिसली तर दिसली."

थांबाल ना, म्हटलं, तर चिडले. रेसमध्ये कोणी थांबतं का, म्हणाले. मग आवाज उतरला. "कोणाले सांगू नको. तिले तर नाईच."

मी सांगितलं नाही. मॅरेथॉनच्या रविवारी फक्त सायकल घेऊन त्या वळणावर जाऊन उभा राहिलो. चपळ पोरं गेली, मग दमलेली गेली, टाळ्या वाजवणारे पांगले. सुमी फाटकाशी उभी होती, ती आत वळणार इतक्यात भाऊ आले. बनियन घामानं अंगाला चिकटलेलं, मान ताठ. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी फाटक पाहिलं, आणि ठरवल्याप्रमाणे थांबले नाहीत. गेलेच. एवढ्यासाठी माणसानं सगळा हिवाळा राख खाल्ली, असं माझ्या मनात आलं.

फाटक वाजलं. पदर खोचून, घरातल्या सपाता फटफटवत सुमी रस्त्यावर आली आणि त्यांच्या बाजूनं धावायला लागली. भाऊंनी मान वळवली नाही. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी जीप जवळ आली. काका, बसा, असं आतून कुणी म्हणालं. भाऊंनी हातानंच जीपला पुढे घातलं.

मी सायकल धरून मागे मागे जात होतो, म्हणून ऐकू आलं.

"बाबा, पाय दुखून राहिले का जी?"

"नाई." मग समोर बघतच, "चप्पल तुटन तुही. हळू चाल."

असं म्हणून भाऊच हळू झाले.