पाणवठ्याचा हिरवा दिवा

एका जंगलात एक कंपनी होती. हसताय काय, बाळांनो? जंगलात कंपनी नसते असं तुम्हाला कोणी सांगितलं? चांगली तीन मजली होती, वडाच्या झाडावर. पारंब्यांना टांगलेल्या खुर्च्या होत्या. आता मोबाईल खाली ठेवा आणि ऐका, मी दोनदा सांगणार नाही.

या कंपनीने एकच ॲप बनवलं होतं. त्याचं नाव 'पाणवठा'. जंगलातल्या वाघाच्या गळ्यात वनखात्याने पट्टा घातला होता, आणि वाघ कुठे बसलाय ते त्या पट्ट्यावरून कळायचं. वाघ पाणवठ्यावर असला की मोबाईलवर लाल दिवा. नसला की हिरवा. हिरवा दिसला की खुशाल जा आणि पाणी प्या. इतकं साधं होतं, तुम्हालासुद्धा कळेल.

तिथे केतकी नावाची शेकरू सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आली. शेकरू म्हणजे ती झुपकेदार शेपटीची मोठी खार. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि कॉलेजचा नियम असा, की कंपनीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर पदवी नाही. तिची आई मात्र झाडोझाडी 'आमची केतकी इंजिनिअर झाली' असं आधीच सांगत सुटली होती. आयांना कुठे धीर असतो?

पहिला महिना केतकीला लॅपटॉपच मिळाला नाही. दुसऱ्या महिन्यात लॅपटॉप मिळाला, पण पासवर्ड नव्हता. रोज सकाळी दहाची उभी सभा मात्र चुकवून चालायचं नाही. ही सभा पूर्वी एका बगळ्याने सुरू केली होती, म्हणून सगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, ते सांगायचं. अडचण कधीच कोणाला नसायची. पहिल्याच सभेत केतकीने खरं ते सांगून टाकलं, की काल नुसती बसून होते, आजही बसेन, लॅपटॉप नाही ही अडचण आहे. सगळे पायाकडे बघायला लागले. मग मॅनेजर मोरसाहेबांनी तिला बाजूला घेतलं आणि समजावलं, की असं नसतं म्हणायचं, 'अभ्यास चालू आहे' म्हणायचं. मोरसाहेब स्वभावाने फार गोड होते. कोणाला ओरडलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

केतकीला खरा जीव लावला तो गोदाक्काने. गोदाक्का ही भेकर, म्हणजे लहान चणीचं हरीण. वडाखाली तिची चहाची टपरी होती. चहाचं पाणी ती रोज पाणवठ्यावरून आणायची, आणि निघण्याआधी ॲप बघायची. अख्ख्या जंगलात ॲपवर विसंबून पाण्याला जाणारी ती एकटीच. बाकीचे ॲप उघडायचे, हिरवा दिवा बघायचे, आणि मग झाडावरच्या वानराला विचारायचे, "काय रे, बसलाय का?" गोदाक्काच्या मागच्या पायावर पंजाचे दोन ओरखडे होते. केतकीने विचारलं तर म्हणाली, दिवा हिरवाच होता, पण माझंच बघण्यात काही चुकलं असेल, मी पडले अडाणी.

चौथ्या महिन्यात केतकीला पासवर्ड मिळाला आणि कामही मिळालं. एका बटणाचा रंग पोपटी होता, तो शेवाळी करायचा. बटण शोधता शोधता तिला प्रोग्रॅममध्ये एक ओळ सापडली. वाघ असो वा नसो, दिवा हिरवाच लावा. शेजारी टीप होती: फक्त आजच्यापुरतं, नंतर काढणे. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

ती साळिंदरदादाकडे गेली. कंपनीतला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर. कानाला कायम हेडफोन, आणि काट्यांमुळे जवळ कोणी जात नसे. त्याने सांगितलं, की कंपनीत पैसे घालायला एक हत्ती आला होता, आणि नेमका त्याच दिवशी वाघ पाणवठ्यावर लोळत पडला होता. पाहुण्यापुढे लाल दिवा बरा दिसेना, म्हणून ही ओळ घातली. जिने घातली ती घार दुसऱ्या जंगलात मोठ्या पगारावर निघून गेली. एवढं सांगून तो म्हणाला, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." आणि हेडफोन परत कानाला लावले.

केतकीने हात लावला. ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वर्षांत पहिल्यांदा लाल दिवा लागला, कारण वाघ खरोखरच तिथे पाय पसरून बसला होता.

मग काय विचारता. ॲप बिघडलं म्हणून तक्रारींचा पाऊस. इतकी वर्षं हिरवं होतं ते आज लाल कसं? सशांनी एकेकच तारा दिला. मोरसाहेबांनी तातडीची सभा घेतली आणि लाल दिवा हा बग आहे, असं सर्वानुमते ठरलं. केतकी म्हणाली, अहो साहेब, पण वाघ खरंच तिथे आहे.

"असेल गं," मोरसाहेब म्हणाले. "पण आपल्या ॲपमध्ये तो कधीच नव्हता."

ओळ आजच्या आज परत घाल, आणि तुझ्या प्रमाणपत्रावर सही मलाच करायची आहे, हेही त्यांनी तितक्याच गोडीने सांगितलं. त्यांना पाणवठ्यावर जावं लागत नसे. त्यांच्या केबिनमध्ये पाण्याचा जार यायचा.

केतकी टपरीवर आली. गोदाक्काला सगळं सांगितलं आणि हात जोडले, की उद्यापासून ॲप बघू नका, वानराला विचारत जा.

गोदाक्का हसली. "तो दिवसभर शेंगा सोलत बसतो, त्याला काय कळतंय? तू एवढी शिकलीस पोरी. तू केलेलं खोटं असेल होय?"

केतकीला रडू आलं. इकडे आईची इंजिनिअर, तिकडे अक्काचा जीव, आणि मध्ये ती एक ओळ. तुम्ही काय केलं असतं? जाऊ दे, सांगू नका.

तिने ओळ परत घातली. पण खाली बारीकशी एक भर टाकली, की मोबाईल गोदाक्काचा असेल तर मात्र खरं सांगायचं. साळिंदरदादाने हेडफोन न काढताच मान डोलावली. जंगलात पुन्हा हिरवंगार झालं. सशांनी पाच-पाच तारे दिले. केतकीला प्रमाणपत्र मिळालं, पदवी मिळाली, आईने पेढे वाटले, आणि गोदाक्काच्या पायाला पुन्हा ओरखडा उठला नाही. संपली असती गोष्ट, बाळांनो.

पण मोरसाहेबांची नजर तीक्ष्ण. एक बाई रोज ॲप बघून पाण्याला जाते आणि धडधाकट परत येते, हे त्यांनी हेरलं. आठ दिवसांत झाडोझाडी गोदाक्काचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'मी रोज पाणवठा बघते. मी ठणठणीत आहे.' त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. फोटो बघून जनावरांना आपली लाज वाटली. चहावाली अडाणी बाई ॲपवर विश्वास ठेवते, आणि आपण अजून वानराला विचारतो? वानराला कोणी विचारेनासं झालं. तो कंटाळून दुसऱ्या रानात गेला.

दुसऱ्याच आठवड्यात एक ससा कमी झाला. मग एक चितळ.

केतकी धावत कंपनीत आली. तिचा पासवर्ड बंद झालेला होता. मोरसाहेबांनी तिला चहा पाजला आणि तू आता आमच्याकडे नाहीस ना, अशी आठवण करून दिली.

तर सध्या केतकी पाणवठ्याजवळच्या अर्जुनाच्या झाडावर बसते. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत घसा फोडून ओरडते, थांबा, वाघ आहे. पदवी घेऊन हे काय आरंभलंस, असं आई विचारते. काही जण ऐकतात आणि मागे फिरतात. काही जण वर बघतात, मोबाईलवरचा हिरवा दिवा तिला दाखवतात, आणि पुढे चालू लागतात.

तात्पर्य: सगळ्यांशी खोटं बोलणाऱ्याकडून फारसं नुकसान होत नाही, कारण लोक त्याला ओळखून असतात. घात होतो तो एकाशी खरं बोलणाऱ्यामुळे. म्हणून बाळांनो, खोटं बोलायचंच तर सरसकट बोलावं.