एक कुमारिका, बेचाळीस घरं

चिकलठाण्याच्या कृतार्थ कॉलनीत बेचाळीस घरं, चौऱ्याऐंशी ज्येष्ठ नागरिक आणि एक कुमारिका होती. बाकी मुलंबाळं पुण्याला, बंगळुरूला किंवा व्हिडिओ कॉलवर असतात. अष्टमीला घरोघरी नऊ कुमारिका जेवू घालण्याचा नेम मात्र पूर्ववत चालू आहे.

कुमारिकेचं नाव सावनी, वय सहा. भाडेकरू प्रेरणाची मुलगी. एका वर्षी तिच्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं, म्हणून सचिव वैजनाथरावांनी पुढच्या वर्षी वेळापत्रक काढलं. ते नगररचना खात्यातून निवृत्त झाले आहेत. खातं त्यांच्यातून अजून झालेलं नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सात, प्रत्येक घराला सतरा मिनिटं. एकाच कुमारिकेचे पाय नऊ वेळा धुतल्यास त्या नऊ समजण्यात याव्यात.

माझ्याकडे ती अकराव्या नंबरला आली.

"आज्जी, पाय कितीपण धुवा," पाटावर बसत ती म्हणाली, "शिरा मात्र डब्यात द्या."

मी मनोभावे नऊदा धुतले आणि वैजनाथरावांच्या वहीत 'कुमारिका : नऊ' लिहून सही केली. देवीच्या कामात कमी कसं लिहायचं?

दिवाळीनंतर नियोजन कार्यालयाचे बद्रीनाथ साहेब पाहणीला आले. कॉलनीलगतच्या राखीव जागेवर दवाखाना व्हावा, असा आमचा सहा वर्षांचा अर्ज होता. माझ्या शेजारच्या मालनबाईंना दम्याचा त्रास. वाफ घ्यायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात.

"लोकसंख्येचा काही पुरावा?" साहेबांनी विचारलं.

वैजनाथरावांनी अभिमानानं सगळ्या वह्या पुढे केल्या. सगळ्या.

महिन्याभरात निर्णय आला. कॉलनीत दहा वर्षांखालील मुली तीनशे अठ्ठ्याहत्तर. रहिवाशांचं सरासरी वय अठरा. तरुण वस्तीस दवाखान्याची गरज दिसून येत नाही. सबब कन्याशाळा मंजूर.

मालनबाई धापा टाकत कार्यालयात गेल्या. सोबत मी होते.

"साहेब, पोरगी एकच हाय वो. पोरीच नायत तर शाळा कुणासाठी?"

साहेब भला माणूस. म्हणाले, "मावशी, एवढंच लेखी द्या. 'आम्ही नऊ कुमारिका जेवू घातल्या नाहीत, वही खोटी आहे.' बेचाळीस घरांच्या सह्या आणा, दवाखाना तुमचा."

त्याच संध्याकाळी सभा भरली. कागद फिरला. पेनही फिरलं.

"माझी एकतीस वर्षांची अष्टमी आहे," सुलेखाताई म्हणाल्या. "ती काय एका सहीनं बुडवू?"

"वही खात्याच्या नमुन्यात आहे," वैजनाथराव म्हणाले. "ती खोटी असूच शकत नाही."

मी पाणी आणायला उठले.

शेवटी सगळ्यांनी मालनबाईंकडं पाहिलं. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"माझा दमा मी बघून घेईन," त्या म्हणाल्या. "पण देवीला काय तोंड दाखवू?"

ठराव एकमतानं फेटाळला.

शाळा सुरेख झाली आहे. प्रशस्त वर्ग, बुटके बाक. रिक्षा येईपर्यंत मालनबाई तिच्या पायरीवर टेकतात. सावनीला शाळेत ये म्हणून सांगून पाहिलं, पण प्रेरणाच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली.

तुमच्या घरीही यंदा नऊ जणी जेवल्या असतीलच. त्यांना आमच्या शाळेत पाठवा. फी नाही. चेहरे तेवढे वेगवेगळे असावेत.