लिफ्टवाला बहिणीकडे सुखरूप पोचल्याची बखर

जो सर्व पाहतो आणि कोणाचें उणें चारचौघांत बोलत नाहीं, त्यास प्रथम नमस्कार. पुढें ऐकणारांस विनंती ऐसी कीं, तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताच्या घरीं रविवारीं चार वाजतां जें युद्ध जाहलें, त्याची हकीकत लोक नाना तऱ्हांनीं सांगतात. कोणी म्हणतात पहिल्या मजल्यावरील बाई हरल्या, कोणी म्हणतात दूध उतूं गेलें, याहून अधिक कांहीं घडलें नाहीं. सबब खरें वर्तमान बुडूं नये म्हणोन हातपाय धुवोन, राग लोभ बाजूस ठेवोन, जैसें घडलें तैसें लिहिलें असे. अधिक उणें आढळल्यास दोष लेखणीचा, माणसांचा नाहीं.

त्या घराचे धनी राजमान्य राजेश्री तात्यासाहेब, छापखान्यांत प्रूफें तपासण्याचे कामीं चौतीस वर्षें चाकरी केलेले. दुसऱ्याच्या मजकुरांत आपल्या पदरचा शब्द घालणें म्हणजे धन्याशीं बेइमानी, ऐसी त्यांची कडवी निष्ठा. एके समयीं एका मातबर लेखकानें कादंबरींत घोडा काळा लिहिला आणि चाळीस पानांनंतर तोच घोडा पांढरा लिहिला, तरी तात्यांनीं समासांत एक नम्र प्रश्नचिन्ह करोन कागद परत धाडिला. घोडा आपण होऊन रंगविला नाहीं. ऐसा इमानी पुरुष.

त्यांचें कुटुंब माईसाहेब, शिवणकामांत एकेकाळीं नामांकित. परंतु मागील तीन वर्षांत दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुकें उतरलें. कडेचें दिसावें, समोरचें दिसूं नये. कोणी आलें हें कळावें आणि कोण आलें हें आवाजावरून ओळखावें, ऐसा प्रकार जाहला. चिरंजीव परगांवीं कामास, घरीं सूनबाई. ती कृत्रिम दांत घडविणाऱ्या कारखान्यांत कसबी कारागीर. खोटें ऐसें बसवावें कीं घालणारास टोचूं नये, हा तिच्या धंद्याचा धर्म. हें पुढें कामास येईल म्हणोन येथें लिहून ठेविलें.

दर रविवारीं चार वाजतां हॉलिवूड प्रांतींचा एक सिनेमा पाहणें, ही उभयतांची लग्नापासूनची वहिवाट. डोळे गेले तरी वहिवाट मोडली नाहीं. टीव्हीवर खालीं इंग्रजी ओळी येत, त्या तात्या पाहत आणि तोंडानें मराठी करोन सांगत, आणि माई ऐकत, आणि ऐकोन आपलें मत बनवीत, आणि मग सोमवारीं खालच्या अंगणांतील दोन बाकांवर जो बायकांचा दरबार भरे तेथें तें मत हुकूम म्हणोन जाहीर करीत.

ते हुकूम तमाम इमारतींत पाठ होते. ड्रामा या सदरांत हुकूम ऐसा कीं, "घर मोठं, माणसं दोन, आणि दोघांनाही भूक नाही. भरलेलं ताट टाकून उठतात गं! आणि मग खिडकीशी उभे राहून म्हणे आयुष्यात काही उरलं नाही. ताटात उरलंय ना एवढं!" थ्रिलरविषयीं हुकूम कीं, "फोन ठेवताना 'ठेवतो हं' म्हणत नाहीत. अंधारात शिरतात, पण दिवा लावत नाहीत. तळघरात एकटीच जाते, तेही सपाता घालून. एवढं सगळं केल्यावर खून होणार नाही तर काय?" कॉमेडीविषयीं ममता अधिक, तरी तेथेंही शेरा होताच कीं, "शेवटी तो विमानतळावर धावत सुटतो आणि तिला कुणाच्या तरी लग्नातच सगळं खरं आठवतं. आधी महिनाभर काय करत होती?"

परंतु ह्या सर्व हुकुमांत एक गोष्ट विलक्षण. माईंच्या सिनेमांत शेवटीं कोणी मरत नसे. खुनी पश्चात्ताप पावोन गांवीं जात, आजारी उठोन बसत, बुडालेले पोहून किनाऱ्यास लागत. माई म्हणत, "तिकडची माणसं वाटतात तशी नाहीत. शेवट मात्र चांगला करतात."

ह्याचें मूळ ऐसें. डोळे परत येणार नाहींत हें ज्या आठवड्यांत डॉक्टरांनीं सांगितलें, त्या रविवारीं एक ड्रामा लागला होता. त्यांत एक म्हातारी इस्पितळांत निजलेली आणि यंत्रावरची रेघ सपाट जाहली, आणि खालीं ओळ आली कीं ती गेली. इतक्यांत माईंनीं तात्यांचीं बोटें घट्ट धरलीं. तात्यांचे डोळ्यांनीं ओळ वाचली आणि मुख भलतेंच वदलें कीं, "ताप उतरला म्हणतायत. उद्या घरी सोडतील." माई म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि बोटें सैल केलीं. चौतीस वर्षांचें इमान त्या एका क्षणीं ढळलें, आणि एकदां ढळलें तें ढळत गेलें.

आतां गनिमाचें वर्तमान. पहिल्या मजल्यावर गणिताच्या बाई राहत. एकोणतीस वर्षें शाळेंत गणित शिकवून निवृत्त जाहलेल्या, घरांत एकट्या. उत्तर बरोबर असोन पुढें सेंटिमीटर लिहिलें नाहीं तर शून्य, ही त्यांची जरब. एके सोमवारीं माईंनीं दरबारांत लिफ्टवाल्याचा सिनेमा सांगितला. उंच इमारतींतील लिफ्ट दुरुस्त करणारा एक साधा मनुष्य, त्यानें खून होतांना पाहिला, खुनी त्याच्या मागें लागला, आणि शेवटीं तो बाविसाव्या मजल्यावरून दोराला धरून खालीं उतरला आणि बहिणीकडे गेला. त्यासमयीं बाईंनीं चष्मा वर केला आणि बोलल्या, "माई, लिफ्टवाला मेला."

माई म्हणाल्या, "बहिणीकडे गेला."

"दोर तुटला. मी भाच्याकडे पाहिलाय. पडला आणि मेला."

"तुम्ही शेवट नीट बघितला नसेल. डुलकी लागली असेल."

आयुष्यांत वर्गावर किंवा घरीं ज्यांणीं डुलकी घेतली नाहीं, त्या बाईंस हा शब्द बाणासारिखा लागला. त्यांणीं भर दरबारांत जाहीर केलें कीं येत्या रविवारीं चार वाजतां आपण खासा येऊं आणि सिनेमा पुन्हा लावून, ओळ न् ओळ वाचून, मेला कीं वाचला याचा निकाल करूं. माईंनीं क्षणाचाही विलंब न करितां आव्हान स्वीकारलें आणि वर म्हटलें, "या. चहा आमच्याकडे."

ही बातमी तात्यांस लागतांच त्यांचा धीर सुटला. आपली लबाडी उघडी पडली तर माई पुन्हा आपल्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहींत, आणि विश्वास गेला तर रविवार गेला, आणि रविवार गेला तर दोघांमध्यें औषधांच्या वेळांखेरीज बोलणें काय उरणार, ही चिंता त्यांस दिवसरात्र लागली. शेवटीं स्वयंपाकघरांत कुकरच्या शिट्टीचे आडोशास सूनबाईंशीं खलबत केलें आणि सर्व कबूल केलें.

सूनबाई पोळपाटावर हात तसाच ठेवोन म्हणाली, "तात्या, म्हणजे सगळेच सिनेमे?"

"कॉमेडीला हात लावला नाही मी. म्हणजे... एका कॉमेडीत मांजर मेलं होतं. ते शेजाऱ्यांना देऊन टाकलं."

"आणि तो बोटीवरचा? ज्याच्यासाठी मी आठवडाभर हळहळत होते, तो माईंना जिवंत सांगितलात?"

"त्याला एक फळी मिळाली असं म्हटलं."

सूनबाईंस हंसूं आवरेना, तरी तिणें आवरलें. टीव्हीची वायर काढावी तर बाई वायर लावणार. घसा बसल्याचें सोंग करावें तर बाई आपण वाचणार. ऐसे सर्व मार्ग खुंटले, आणि मग खोटें न टोचतां बसविण्याच्या आपल्या कसबास जागोन सूनबाईंनीं हिकमत काढिली ती ऐसी कीं दोर तुटण्याचे समयीं सूनबाईंनीं चहाच्या निमित्तानें बाईंस स्वयंपाकघरांत खेंचावें, आणि तेवढ्या अवकाशांत तात्यांनीं लिफ्टवाल्यास बहिणीकडे पोचवावें.

रविवारीं चारला पांच मिनिटें असतांना बाईंची स्वारी दाखल जाहली. सोबत पाठीस लावावयाची स्वतःची उशी, चष्म्याची डबी, वही आणि पेन, ऐसा जंगी सरंजाम. त्या सोफ्याच्या डाव्या टोंकास बसल्या, माई मध्यें, तात्या उजवीकडे, आणि सूनबाई दारांत, जेथोन दोन्ही आघाड्या दिसतात. सिनेमा सुरू जाहला.

पहिल्या अर्ध्या तासांत बाईंनीं तीन हल्ले केले. तात्यांनीं एक वाक्य सांगितलें तों बाई म्हणाल्या, "तसं नाही म्हणाला तो. 'कदाचित' म्हणाला." तात्या म्हणाले, "भावार्थ." बाई म्हणाल्या, "भावार्थाला मार्क नसतात." माईंनीं मध्यें पडून हुकूम केला कीं, "बाई, शाळा सुटली. ऐका गुपचूप."

आणि बाई गुपचूप ऐकूं लागल्या. तात्या खुन्याचा आवाज सर्दी जाहल्यासारिखा काढीत, इमारतीच्या गर्विष्ठ मालकिणीचा नाकांतून, आणि लिफ्टवाल्याचा अगदीं स्वतःचा. जेथें इंग्रजींत एक ओळ, तेथें तात्या तीन करीत, आणि तीनही ऐकाव्याशा. बाई घरीं एकट्या सिनेमा पाहत तेव्हां पात्रें बोलत तेवढेंच बोलणें घरांत होई. येथें माई मध्येंच विचारीत, "सपाता घातल्यात का तिनं?" आणि तात्या सांगत, "घातल्यात," आणि माई म्हणत, "मग मेली!" आणि तात्या घाईनें म्हणत, "नाही नाही, दिवा लावला." तासाभरानें बाईंनीं पुसण्याकरितां चष्मा काढला, आणि पुसला, आणि डबींत ठेविला, आणि पुन्हा डोळ्यांवर चढविला नाहीं. हें सूनबाईंनीं पाहिलें.

मग बाविसावा मजला आला. वारा सुटला, दोराचे पदर एकेक उकलूं लागले, व्हायोलिनें आक्रोश करूं लागलीं. सूनबाईंनीं आंतून इशारत केली, "बाई, जरा येता का? साखर किती घालू?" बाई हालल्या नाहींत. "बाई!" बाई म्हणाल्या, "घाल गं कितीही," आणि जागेवरच राहिल्या. इतक्यांत तिकडे दूध उतूं गेलें आणि सूनबाई शेगडीकडे धांवली, आणि तात्या मैदानांत एकटे पडले.

दोर तुटला. तात्यांनीं तोंड उघडलें. बाजूस परीक्षा घेणारी बसली आहे, आणि मूळ प्रत समोर आहे, हें जाणोन चौतीस वर्षांचा मुद्रितशोधक त्यांच्या घशांत आडवा आला. व्हायोलिनें चाललीं, आणि घरांत दुसरा आवाज नाहीं.

माई म्हणाल्या, "अहो, काय झालं? गप्प का?" आणि अंधारांत चांचपल्यागत हात पुढें करोन त्यांचीं बोटें शोधूं लागल्या.

तों डाव्या टोंकाकडोन आवाज आला. बाईंनीं चष्मा चढविला, पडद्याकडे पाहिलें, माईंच्या त्या शोधणाऱ्या हाताकडे पाहिलें, आणि ज्या आवाजानें कोणास अर्धा मार्क कधीं फुकट दिला नाहीं त्या स्वच्छ वर्गांतल्या आवाजांत म्हणाल्या, "दुसरा दोर होता. धरला त्यानं. आता म्हणतोय, बहिणीला फोन लावा, मी येतोय म्हणावं." मग उत्तर अपुरें राहूं नये म्हणोन पुढें जोडिलें, "सात चाळीसच्या गाडीनं."

तोंवर माईंस तात्यांचीं बोटें सांपडलीं होतीं, तीं सैल करोन त्या म्हणाल्या, "मग? हरलात ना बाई?"

"हरले. डुलकी लागली असेल तेव्हा."

ही शिकस्त बाईंनीं चहा घेतांना वहींत तारीख घालून स्वहस्तें नोंदविली. जातांना तात्या जिन्यापर्यंत पोचवावयास गेले आणि कांहीं बोलूं पाहत होते, तों बाईंनीं हात वर करोन हुकूम केला कीं, "आभार नकोत. पुढच्या रविवारी काय आहे?" तात्या म्हणाले, ड्रामा आहे, त्यांत एक मास्तरीणबाई आजारी पडते. बाई दोन पायऱ्या उतरल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "तिला बरं करा. आणि हो, शाळेत परत घ्या."

इकडे स्वयंपाकघरांत सूनबाई शेगडी पुशीत असतां माई भिंतीच्या आधारानें आंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय गं, बहिणीकडे निघालेल्या माणसासाठी एवढं व्हायोलिन वाजवतात का कुणी?"

सूनबाईंच्या हातांतील फडकें थांबलें. "माई, तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग बोलला का नाहीत त्यांना?"

माई म्हणाल्या, "चौतीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं ठेवलं यांनी. आता कुठे स्वतःचं सुचायला लागलंय. कशाला अडवू? आणि त्या बाई एकट्या बसून बघतात, खरं तेवढंच. म्हटलं, एकदा आपल्याकडचंही ऐकू देत." मग पुन्हा म्हणाल्या, "सात चाळीस मात्र छान होतं हं. यांना नसतं सुचलं."

येणेंप्रमाणें युद्ध समाप्त जाहलें आणि तह ठरला तो ऐसा. बाईंची उशी सोफ्याच्या डाव्या टोंकास कायम राहावी. वेळाचे आंकडे लागतील तेथें बाईंनीं पुरवावे. मांजरें, म्हाताऱ्या आणि मास्तरणी यांस अभय असावें. आणि मूळ प्रतींत काय आहे याची चौकशी उभयपक्षीं कोणी करूं नये. त्यावर दोन्ही पक्षांनीं चहा घेतला, तेंच शिक्कामोर्तब समजावें.

गाडी वेळेवर होती. लिफ्टवाला उतरला, बहिणीनें दार उघडलें आणि तिणें त्याचें ताट वाढलें. आणि हॉलिवूड प्रांतीं प्रथमच एक मनुष्य भरल्या ताटावरून न उठतां पोटभर जेवला. माईसाहेबांची फत्ते जाहली. सर्व सुखरूप असत.