नानांचं अडलेलं भाषांतर

धुळ्यात कोकणातला माणूस आला, की गोविंदनानांना त्याचा वास लागायचा. माणूस लग्नाला आलेला असो की बदलीवर, नाना त्याला आधी पाणी विचारायचे आणि तांब्या त्याच्या तोंडाला लागलेला असतानाच पुढचं विचारायचे, "जहाजावरून होडी खाली सोडतात ना, त्या दोराला तुमच्याकडे काय म्हणतात?"

आमच्या धुळ्याला समुद्र म्हणजे ऐकीव गोष्ट. उन्हाळ्यात पांझरा नदीला म्हशी डुंबतील एवढंही पाणी राहत नसे. नानांनी स्वतः कधी समुद्र पाहिला नव्हता, चाळीसगावच्या पलीकडे ते फारसे गेलेलेच नव्हते. पण बुडत्या जहाजावरून माणसं कशी वाचवतात याचे इंग्रजी शब्द त्यांच्याइतके साऱ्या खानदेशात कोणाकडे नसतील. डेव्हिट म्हणजे होडी टांगायचा वाकडा लोखंडी खांब, गनेल म्हणजे होडीचा काठ, थ्वार्ट म्हणजे वल्हवणाऱ्यानं बसायची फळी. शब्द डावीकडे, मराठी उजवीकडे, अशी त्यांची एक जाडजूड वही होती. उजवीकडची बाजू बरीच कोरी होती.

नाना कोर्टात भाषांतरकार होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्यांनी केलेलं भाषांतर मुळाशी ताडून पाहायचं आणि त्यांच्या सहीखाली दुसरी सही करायची, एवढंच माझं काम. नानांची सही मात्र सहजासहजी पडत नसे. एखाद्या अवजाराचं नाव अडलं, तर ते डोक्यावर पगडी ठेवून थेट लोहारआळीत जायचे. वकील घाई करू लागले की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "शब्द पक्का झाल्याशिवाय सही नाही." वकील चरफडत. नाना कानावर बोरू खोचून शांतपणे पान उलटत.

होड्यांचं वेड त्यांना लागलं ते एका पत्रापायी. त्यांचा धाकटा भाऊ वासुदेव चौदा सालच्या त्या मोठ्या लढाईत पलटणीचा कारकून म्हणून बसऱ्याला निघाला होता. वाटेत जहाज बुडालं. काही दिवसांनी जहाजावरच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचं इंग्रजी पत्र वासुदेवाच्या बायकोच्या नावानं आलं. तिला, म्हणजे यमुनाअक्कांना, इंग्रजी येत नव्हतं. नानांनी पत्र वाचलं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि सांगितलं, "जहाजाला अपघात झालाय. माणसं होड्यांत उतरली. पुढे सगळे होडीचे शब्द आहेत. ते पक्के झाल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

मी नोकरीला लागलो तेव्हा या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. अक्कांच्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. त्यांना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावणी यायची आणि त्या जायच्या. गावात कुणीतरी अधूनमधून विचारायचं, "नाना, झालं का भाषांतर?" नाना म्हणायचे, "सहा शब्द राहिलेत." वर्षभरानं विचारावं, तर नऊ राहिलेले असायचे. आम्ही कोर्टातली पोरं या हिशेबावर पोट धरून हसायचो. नानांना आम्ही दर्यासारंग म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

एकदा आमच्या कोर्टात रत्नागिरीकडचे सबजज्ज बदलून आले. नानांना आनंदानं झोप आली नसावी. सकाळीच वही घेऊन ते बंगल्यावर हजर. जज्जसाहेबांनी बिचाऱ्यांनी पहिले दोन प्रश्न ऐकून घेतले आणि हात जोडले. "नाना, मी बोटीत पाय ठेवला की डोळे मिटतो, ते बंदर आल्यावर उघडतो. मला त्यातलं काही विचारू नका."

मग नानांनी मला घेऊन तापी गाठली. शिरपूरच्या वाटेवर तिथे माणसं नावेतून पार जायची. म्हातारा नावाडी नावेतलं पाणी उपसत बसला होता. नानांनी काठावर बैठक मारून त्याला सगळी हकीकत सांगितली, जहाज केवढं, होडी कुठे टांगलेली, दोर किती. नावाड्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "नाना, दोरले आमी दोरच म्हनतस. नाव बुडनी ते माणूस पव्हस. ज्याले पव्हता येत नही तो बुडस. बठ्ठी इतलीच गोट शे." नानांनी वही उघडून 'दोर' असं लिहिलं आणि कंसात 'तापी' लिहिलं. परतताना बैलांच्या दमणीत मी तोंडावर उपरणं घेऊन हसत होतो. नाना सबंध वाटभर मिटलेली वही मांडीवर घेऊन मागे तापीकडे पाहत होते, ते मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

आणि ती काठवट. होडी खाली सोडताना दोन्ही टोकं बरोबरीनं उतरावी लागतात, हे नानांना कुठूनसं कळलं होतं. ते पडताळून पाहायला त्यांनी भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट विहिरीवर दोन दोरांनी टांगली. आत माणसांऐवजी एक पितळी गडवा. एक दोर नानांच्या हातात, दुसरा अक्कांच्या. मी कठड्याशी उभा राहून हुकूम सोडायचा. हातभर काठवट खाली गेली आणि नानांच्या हातून दोर निसटला. काठवट अक्कांच्या दोराला उभी लोंबकळली, गडवा विहिरीत गेला. मला हसू आवरेना. नाना मटकन कठड्यावर बसले. अक्का दोर घट्ट धरून उभ्याच होत्या. "नाना, मी माझी बाजू सोडू का?" त्यांनी दोनदा विचारलं.  शेवटी मीच जाऊन काठवट वर घेतली.

इथवर सांगितलं ते हसतहसत सांगता येतं. पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते.

माझा एक मावसभाऊ मुंबईला गोदीत होता. त्याच्याकडून मी जहाजावरच्या कामाचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. प्रत्येक वस्तूचं चित्र, चित्राखाली नाव. नानांचे नऊच्या नऊ शब्द त्यात होते. ते घेऊन मी फुशारकीत त्यांच्या घरी गेलो. नाना एका लग्नासाठी चाळीसगावला गेले होते. पडवीत त्यांच्या आत्याबाई जप करत बसल्या होत्या. चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या, लाल आलवणातल्या, डोकं भादरलेल्या. नानांनी लहानपणी दारामागून त्यांच्यासाठी न्हावी आलेला पाहिला होता, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

अक्कांनी पुस्तक चाळलं. चित्रं निरखून पाहिली.

"भाऊ, यात सगळे शब्द आहेत?"

"सगळे. एकही राहिला नाही."

त्या आत गेल्या. नाना लग्नाला नवा कोट घालून गेले होते आणि जुना खुंटीवर होता. अक्कांनी त्यातून पत्र आणून माझ्यासमोर ठेवलं. "मग वाचा."

माझं वय बावीस. नानांना चार वर्षं जे जमलं नाही ते मी एका बैठकीत करून दाखवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी सुरुवात केली. घडाघडा. चार ओळींत सगळे समुद्री शब्द आले. होडी खाली सोडली, पुढचा दोर सुटला, मागचा राहिला, होडी एका टोकावर उभी लटकली, माणसं पाण्यात पडली. अडखळलो म्हणून नाही. पाचवी ओळ आली, तीही मी त्याच ओघात बोलून गेलो.

"आपले पती बुडाले."

तोंडातून निघाल्यावर ती मला ऐकू आली. त्या ओळीत समुद्राचा एकही शब्द नव्हता. इंग्रजी शाळेत नुकत्याच बसलेल्या मुलाला ती वाचता आली असती.

अक्कांनी पत्र आपल्याकडे वळवलं. मग त्यांनी विचारलं, "यात अवघड शब्द कुठला होता, भाऊ?"

मी पुस्तक मिटलं.  पडवीतून आत्याबाई म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही. पोरी, तूही काही ऐकलं नाहीस. पत्र होतं तिथे ठेव." अक्कांनी नाही म्हणून मान हलवली. त्या उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळ पुसलेलं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. न्हावी त्या घराची पायरी चढला नाही. गावातले चारजण अक्कांच्या केशवपनाचं सांगायला आले, तेव्हा आत्याबाईच दारात उभ्या राहिल्या. "या घरात एक डोकं भादरलं, तेवढं पुरे," म्हणाल्या. पण अक्कांना येणारी बोलावणी थांबली ती थांबलीच. गल्लीत त्या मला दिसायच्या, "बरे आहात ना, भाऊ?" म्हणून विचारायच्या. त्यांनी एकदा तरी मला दोष द्यायला हवा होता.

मी पत्र वाचलं त्याच दिवशी दिवेलागणीला नाना आले, तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुस्तकाकडे. मी पाय धरायला वाकलो, तर म्हणाले, "बसा." पगडी काढून ते स्वतः लिहायच्या बैठकीवर बसले आणि कोरा कागद पुढे ओढला. पत्र उघडलंही नाही. वही नाही, कोश नाही, माझं पुस्तक नाही. एकटाकी लिहीत गेले. एकही खाडाखोड नाही. चार वर्षं ते भाषांतर त्यांच्यापाशी तयार होतं.

"ताडून पाहा," त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

मी ओळीला ओळ लावून पाहिली. असं मराठी मी त्याआधी वाचलं नव्हतं, त्यानंतरही नाही. पण पाचव्या ओळीची जागा कोरी होती.

"नाना, एक ओळ राहिली."

"राहिली नाही. ती मला येत नाही." ते भिंतीकडे पाहत होते. "मी पुष्कळ प्रयत्न केला. ती तुम्ही लिहा."

त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरांखाली मी माझ्या गिचमिड्या अक्षरात ते तीन शब्द लिहिले. नानांनी कागद घेतला. ती ओळ वाचली आणि त्यांचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता. एवढा मोठा माणूस रडताना मी पाहिला नव्हता, आणि काय करावं ते मला कळेना.

अक्का दाराआडून बाहेर आल्या आणि त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराला हात लावायची आमच्याकडे रीत नव्हती. आत्याबाई पडवीत बसून ते पाहत होत्या. त्यांनी जपाची माळ पुढे ओढली.