मिनूबाई जग बघायला निघतात

आमच्या मिनूच्या मोज्यांना इस्त्री असे. मोजे केवढे, तर माझा अंगठा जेमतेम मावेल एवढे. पण शेजारचे केरबा आप्पा कोळशाची इस्त्री घेऊन सकाळी सकाळी आमच्या सोप्यात बसत आणि ते मोजे असे दाबत, की बघणाऱ्याला वाटावं आज ह्या घरातून कुणीतरी शपथविधीला निघालंय. मोजे झाले की फ्रॉक. फ्रॉक झाला की केसांची रिबीन. दोन वर्षांची मिनू स्टुलावर बसून एक पाय पुढे करायची, मोजा चढेपर्यंत हलायची नाही, मग दुसरा पाय पुढे करायची. स्वतःच्या आईला तिनं एवढं सहकार्य कधी दिलं नाही.

"आप्पा, धुळीतनंच जायचं हाय की," माझी बायको सुमन म्हणायची. "कशाला एवढी इस्त्री?"

"सूनबाई, आपण जग बघतो तसं जग बी आपल्याला बघतंय," आप्पा म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्यापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना त्यांनी ते एकेकदा ऐकवलेलं होतं.

ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालातली गोष्ट. मी निपाणीत हायस्कुलात मास्तर होतो. आप्पा आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. उंच, वाळलेले, पायजम्यालासुद्धा धारदार घडी. सगळं आयुष्य त्यांनी बोटीवर काढलं होतं. बोट म्हणजे नदीतली होडी नव्हे. समुद्रापलीकडे जाणारी, गोऱ्या लोकांची, सात मजली. गावात त्यांना 'बोटआप्पा' म्हणायचे आणि पारावरची पोरं विचारायची, "आप्पा, लंडन कसं हाय वं?"

"ठाऊक न्हाय," आप्पा सांगायचे.

पोरांना ती थट्टा वाटे. ती खरी गोष्ट होती. आप्पा बोटीच्या तळाशी, धुलाईखान्यात होते. तिथं खिडकी नाही. बंदर जवळ आलं की वरच्या मंडळींना कडक कपडे घालून खाली उतरायचं असे, म्हणजे आप्पांच्या टेबलावर ढीग. ढीग संपेस्तोवर बोटीचा भोंगा व्हायचा. "समदं जग इस्त्री करून उतरवलं मी, गुरुजी," ते एकदा मला म्हणाले. "मी तेवढा उतरलो न्हाय." आणि स्वतःच हसले.

तर आता ते उतरले होते. जग बघायचं राहिलं होतं आणि एकट्यानं बघायला त्यांना मजा येईना. मिनू चालायला लागली आणि आप्पांना जोडीदार मिळाली.

त्यांची तयारी बघण्यासारखी असे. मिनूला काठाची पांढरी हॅट होती. ती मिळवायला आप्पा मुद्दाम बेळगावला जाऊन सबंध खडेबाजार पालथा घालून आले होते. जत्रेतला काळा गॉगल होता. त्याची एक काडी सैल, म्हणून मिनू मान ताठ धरून चालायची आणि त्यामुळं फारच थोरामोठ्यांची वाटायची. एक कापडी पिशवी, तिच्यात जादा फ्रॉक, जादा मोजे, पावडर, फणी. ती पिशवी आप्पा कुणाच्या हातात देत नसत. अशा थाटात दोघं स्टँडवर उभी राहिली की तंबाखूच्या वखारीत निघालेल्या बायका थांबून बघायच्या. "आगं बया, कुठं निघालासा बाईसाहेब?" मिनू उत्तर देत नसे. तिला तेव्हा दोनच शब्द येत, 'पॅ' म्हणजे गाडी आणि 'आप्पा'. प्रवासाला तेवढे पुरत.

कंडक्टर चिकोडीकडचा. तो कानडीत विचारायचा, "याव ऊर?" म्हणजे गाव कुठलं. आप्पा सांगायचे, "ह्यांचं गाव निपाणी. आज संकेश्वर बघणार हायेत." कंडक्टरही मग पुढची सीट झटकून द्यायचा.

एकदा कोगनोळीच्या नाक्यावर गाडी तपासायला पोलीस चढला. राज्याच्या हद्दीपलीकडे काय काय चोरून जायचं, त्यामुळं प्रत्येकाचं गाठोडं उघडून बघत होता. आप्पा उठून उभे राहिले आणि पिशवी स्वतःच उघडून धरली. "बघा सायेब. बाईंचं सामान. हळू काढा, घडी मोडंल." पोलिसानं एक मोजा बाहेर काढला, दोन बोटांत धरून बघितला, मिनूकडं बघितलं. गॉगल नाकावरून घसरला होता, तरी तिनं मान वाकवली नव्हती. पोलिसानं मोजा होता तसा आत ठेवला आणि कडक सलाम ठोकला. आप्पांनी ही हकीकत आम्हाला निदान महिनाभर सांगितली.

प्रत्येक सफरीची हकीकत अशी यायची. कागलच्या बाजारात मिनूनं बैलाच्या शिंगाला हात लावला, संकेश्वरात एका म्हातारीनं तिची दृष्ट काढली. सुमननंच एक गोष्ट हेरली. "ही दोघं सारखी सदलग्याला जात्यात," ती मला म्हणाली. "पण सदलग्याचं आप्पा कधी काय सांगत न्हाईत. विचारलं तर म्हणतात, बघितलं." तिचा जीव जरा धास्तावला. "पुढच्या खेपंला तुम्ही बी जावा."

मी गेलो. सदलग्यात उतरल्यावर आप्पांनी मिनूची हॅट नीट केली, फ्रॉक खाली ओढला आणि आम्ही रस्त्याकडेच्या एका रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो. समोर कौलारू घर. दारात तुळस, वाळत घातलेली लुगडी.

"आता काय बघायचं, आप्पा?"

"बसायचं," ते म्हणाले. नजर समोरच्या घरावर. मग माझ्या ध्यानात आलं, त्यांचे हात रिकामे होते. पिशवी गाडीतच राहिली होती आणि गाडी केव्हाच पुढं गेली होती. कधीही काही न विसरणारा माणूस ती विसरला होता, आणि अजूनही त्यांना ते कळलं नव्हतं.

तेवढ्यात मिनूनं उसाच्या रसाचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि सबंध अंगावर घेतला. हॅटपासून मोज्यांपर्यंत. क्षणात माशा जमल्या. बाईसाहेबांनी गॉगल फेकला आणि गावाला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. आप्पांनी पिशवीसाठी हात केला, पिशवी नव्हती. ते नुसते उभे राहिले.

समोरच्या दारात एक बाई आली. तिशीची असेल. तिचं नाक, तिची उंची, सगळं आप्पांचं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरीला आत आणा."

मी मिनूला उचललं. "आणि आप्पा?"

"त्यांना पाय हायेत," ती म्हणाली आणि आत गेली.

ती मंगल, आप्पांची एकुलती एक लेक. सदलग्यात दिलेली. आप्पांना मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तिनं मिनूला न्हाणीत उभं करून धुतलं, पुसलं. मग माळ्यावरची ट्रंक काढली. आत कागदात गुंडाळलेले फ्रॉक होते. परदेशी, लेसचे, अंगाला कधी न लागलेले. एक पिवळा तिनं मिनूला घातला. अगदी मापाचा बसला.

"प्रत्येक खेपंला बोटीवरच्या दुकानातनं आणायचे," ती मला म्हणाली, पण दाराकडं ऐकू जाईल अशा आवाजात. "मी शाळंत जायला लागले, मोठी झाले, पातळ नेसाय लागले. फ्रॉक आपला दोन वर्सांच्या पोरीचा. आई म्हणायची, जपून ठेव. आई गेली तवा बी बोट पाण्यातच हुती."

उंबऱ्याबाहेर आप्पा उभे होते. हातात रसानं भिजलेली हॅट.

"मी गेलतो तवा तू एवढीच हुतीस," ते म्हणाले आणि हात गुडघ्याएवढा खाली धरला. "खाली खिडकी न्हवती, मंगल. दिवस कळायचा न्हाय. मला तू एवढीच दिसायचीस."

मंगलनं ट्रंक बंद केली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली, पुसलेली जागा परत पुसली. मिनू पिवळ्या फ्रॉकात दाराशी गेली आणि आप्पांचं बोट धरून त्यांना आत ओढायला लागली. ते जागचे हलेनात.

"जेवायची येळ झालीय," मंगल चुलीकडं वळत म्हणाली. परातीत पीठ घेतलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि थांबली. "भाकरी जाड लागती का पातळ?"

"कशी बी चालती गं."

"तसं न्हाय," ती म्हणाली. पाठ आमच्याकडंच होती, आवाज मात्र बदलला होता. "मला ठाऊक न्हाय म्हणून इचारती. नीट सांगा."

आप्पांनी भिजलेली हॅट दारातल्या तुळशीजवळ ठेवली.

"पातळ," ते म्हणाले, आणि वहाणा काढायला खाली वाकले.